उभ्या गाडीचं दुखणं

आधी माफी मागून घेते. माझं अक्षर सांडलेल्या वॉशरसारखं आहे, कुठला गोल कुठं जाऊन पडेल याचा नेम नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. वेलांटी पहिली की दुसरी हे मी, टायर दाबून हवा ओळखावी तसं, अंदाजाने ठरवते. कागदावर काळे ठसे दिसतील ते माझ्या अंगठ्याचे. हात कितीही घासले तरी नखांच्या कडेला ऑइल राहतंच. भाची म्हणाली, "मावशी, तू चारचौघांत तोंड उघडत नाहीस, निदान लिहून तरी काढ. दिवाळी अंकात देऊ." मी म्हटलं, लिहिते, पण अंकाबिंकाचं नको. घरातल्यांनी वाचून हसावं, एवढं पुरे.

आमचं गॅरेज अक्कलकोट रोडवर, एमआयडीसीच्या तोंडाशी आहे. पुढं सगळे टॉवेल-चादरींचे कारखाने. पाळी सुटली की सायकली आणि मोटारसायकलींचा लोंढा आमच्या दारावरून जातो आणि त्यातली एखादी गाडी कुरकुरत आमच्याकडे वळते. बोर्डावर मालकांचं नाव आहे. मालक म्हणजे माझा नवरा. पूर्वी तेच गाड्या करायचे. मग त्यांची कंबर गेली. वाकता येईना, बसलं तर उठता येईना. पण बोलता येत होतं, आणि बोलण्यात त्यांचा हात धरणारा या रोडवर कुणी नाही. मी लग्न झाल्यापासून त्यांच्या हातात पाने देत होते. देता देता कुठला पाना कुठं लागतो ते कळलं, आणि मग तो का लागतो तेही कळलं. माझं शिक्षण ते एवढंच.

अडचण एकच होती. परक्या माणसासमोर माझे हात चालत नाहीत. गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहिलं की मी नट उलटा फिरवते. म्हणून आम्ही गॅरेजच्या मधोमध एक जुनी चादर टांगली, मोराच्या नक्षीची. चादरीपुढं स्टुलावर मालक, चादरीमागे मी. गिऱ्हाइकाशी मालक बोलतात, गाडी आत ढकलतात आणि सांगतात, "आत आमचा माणूस हाय. लई मोठा मिस्त्री, पण जरा तिरसट. कुणी आत आलेलं त्याला चालत न्हाय." तो तिरसट मिस्त्री म्हणजे मीच. एका गिऱ्हाइकाने खूश होऊन आतल्या मिस्त्रीसाठी तंबाखूची पुडी दिली होती. ती मालकांनी खाल्ली.

आतून बाहेर निरोप द्यायला आम्ही ठोके ठरवले होते. पाना लोखंडी पेटीवर एकदा वाजवला तर किरकोळ काम. दोनदा वाजवला तर कार्बोरेटर. तीनदा म्हणजे इंजिनकाम, आधी पैशाचं बोला. ही पद्धत एकदाच फसली. एक माणूस पंक्चरसाठी आला होता आणि माझ्या हातून पाना निसटून पेटीवरून टण टण टण करत खाली गेला. मालकांनी गंभीर तोंड करून त्याला सांगितलं, "इंजिन उतरवावं लागंल." तो बिचारा रस्त्यावरच खाली बसला.

आता धंद्याची थोडी माहिती, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पळणारी गाडी सहसा आजारी पडत नाही. आजारी पडते ती उभी गाडी. कार्बोरेटरच्या खाली एक वाटी असते, तिच्यात घोटभर पेट्रोल साठतं. गाडी काही आठवडे उभी राहिली की ते उडून जातं आणि मागे गोंदासारखा चिकटा राहतो. त्या वाटीतून इंजिनला पेट्रोल पाजणारी भोकं असतात, त्यांना जेट म्हणतात. एक मोठं, जोरात पळताना लागतं. एक बारीक, केस जेमतेम जाईल असं, ते सावकाश चालताना लागतं. चिकटा आधी बारीक भोक बुजवतो. मग गाडी काय करते? चोक ओढला की चालते, चोक सोडला की मरते. जोरात पिळली की ओरडते, सावकाश सोडली की आचके देते. चोक म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त. चोकवर गाडीला बरं वाटतं याचा अर्थ तिला पेट्रोल कमी पडतंय. यात काही विद्या नाही. तान्हं मूल रडलं तर आधी ते भुकेलं आहे का बघतात, तसंच हे.

कधी उलटंही असतं. पेट्रोल भरपूर आणि हवाच नाही. आमच्या भागात हे फार, कारण कारखान्यातला कापसाचा फूस उडून गाड्यांच्या एअर फिल्टरमध्ये बसतो. एक मागवाला, म्हणजे कारखान्यात माग चालवणारा, सासुरवाडीला तेलंगणात गेला आणि तिकडेच बरेच दिवस रमला. परत आला तर गाडी काळा धूर सोडून बंद पडायची. मी फिल्टरचा डबा उघडला, तर आत टॉवेलच्या फुसाची मऊ गादी करून उंदरीण पिल्लं घेऊन निजलेली. डोळे न उघडलेली लालबुंद पिल्लं. माझा हात पुढं जाईना. मी चादरीच्या फटीतून मालकांना हळूच सांगितलं. मालक गिऱ्हाइकाला म्हणाले, "आत बाळंतीण हाय. दोन-चार दिवस गाडीचं नाव काढू नका." तो भला माणूस परत आला तो खारीक-खोबरं घेऊनच. मालकांनी तेही ठेवून घेतलं.

आता बिरूची गोष्ट.

बिरू टॉवेलच्या कारखान्यात मागावर होता. मूळचा सांगोल्याकडचा, गावाकडे मेंढरं आणि थोडी कोरडवाहू. हितं एक खोली घेऊन राहायचा. त्याने गाडी घेतली ती आपल्या दाजीकडून. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा, मंगलचा नवरा. त्यांची मोडनिंबला शेती. गाडी जुनी पण ठणठणीत होती, बिरूने रोख पैसे मोजले आणि ती रोज कामावर न्यायला लागला. मग कारखान्यात टॉवेलचा गठ्ठा त्याच्या पायावर पडला. पाय प्लास्टरमध्ये आणि गाडी खोलीबाहेर उभी. त्याला बघायला गावाकडून आई हौसाबाई आली, मोडनिंबहून मंगल आली. मंगलने लेक सासूपाशी ठेवली होती, भावाचा पाय बरा झाला की परत जायचं म्हणून.

पाय बरा झाला. बिरूने गाडीला किक मारली तर ती भकभक करायला लागली. चौकातल्या कुणा गॅरेजवाल्याने गाडी न खोलताच, नुसती ऐकून सांगितलं, "पिस्टन गेलंय. इंजिनकाम हाय. कुणी गळ्यात मारली ही?"

झालं. बिरूने तिथूनच फोन लावला. "दाजी, बहीण दिली म्हणून भंगारबी आमच्याच गळ्यात मारायचं व्हय?"

दाजी तापट. दुसऱ्याच दिवशी एसटीने आले, अर्धे पैसे बिरूसमोर आपटले. "बाकीचं कांदा इकला की देतो. माझी गाडी मला परत दे. आणि माझी बायको."

गाडीचं कुणी बोललं नाही. बायकोचं मात्र हौसाबाई बोलल्या. "पाव्हणं, सगळं पैसं आल्याबिगार मी लेक नांदाया धाडत न्हाय."

दाजी चपला घालून निघून गेले. मंगल हितंच राहिली आणि तिची लेक तिकडं.

गाडी आमच्याकडे आली ती दुरुस्तीला नव्हे, साक्षीला. बिरू मालकांना म्हणाला, "तुमचा आतला मिस्त्री मोठा हाय म्हणत्यात. इंजिन गेलंय एवढं त्यानं एकदा तोंडानं सांगावं. दाजींच्या म्होरं."

बाहेर बोलणी चालली होती तेवढ्यात चादर बाजूला सारून मंगल आत आली. पाणी मागायला म्हणून आली असेल. मला बघून तिने तोंडावर हात ठेवला. "अगं बया! मिस्त्री बाईमाणूस हाय व्हय?"

मी बोटाने गप म्हणून खूण केली. ती खाली माझ्याजवळ बसली आणि कुजबुजली, "वहिनी, खरं सांगा. गेलंय का इंजिन?"

"अजून चालू पण केलं नाही."

"न्हाय गेलं असं निघू द्या. पोरगी तिकडं सासूबाईंपाशी हाय. फोनवर बोलतच न्हाय माझ्याशी, रुसलीया. हे तिकडं तोंड फुगवून, आई हितं तोंड फुगवून. मी मधल्या मधी कुजती हाय. गाडी उभी हाय तशी."

तिचं ते शेवटचं वाक्य डोक्यात राहिलं.

ती गेल्यावर गाडी चालू केली. चोकवर चालली, चोक सोडला तशी मेली. पिस्टन गेलेल्या गाडीचा धूर निळसर असतो, ऑइल जळल्याचा वास येतो, आतून ठकठक ऐकू येते. मी सायलेन्सरमागे तळहात धरला, हुंगला. काही नाही. पेटीवर दोन ठोके दिले. बाहेर मालक म्हणाले, "बिरू, इंजिन शाबूत हाय. कार्बोरेटर हाय फक्त." बाहेरून मंगलचा सुस्कारा मला चादरीमागे ऐकू आला. बिरूचा चेहरा मात्र पडला असणार.

वाटी खोलली. तळाला पिवळा चिखल. मला वाटलं गंज. जुन्या टाकीतला गंज असाच खाली उतरतो. बॅटरी घेऊन टाकीत बघितलं तर तळ पेट्रोलखाली दिसेना, पण बाजूचा पत्रा घासलेल्या पातेल्यासारखा चकचकीत. नवल वाटलं, पण वेळ कुणाला होता? जेट साफ केले, हवा मारली, गाडी शिवणयंत्रासारखी चालायला लागली. बिरू घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी ढकलत परत आला. रस्त्यावरून ओरडतच आला. "मिस्त्री कसला, बोगस हाय तुमचा! इंजिन गेलंय ते गेलंयच. उगं दाजीची बाजू घेतासा!"

मालकांना असं कुणी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. वाटी पुन्हा खोलली. पुन्हा पिवळं. एका दिवसात एवढा गंज येत नाही. मी विचार करत उठले आणि मोरीवर हात धुवायला गेले. कपड्याच्या साबणाची पूड हातावर घेतली, चोळली, आणि बघते तर बोटं लाल झालेली. चांगली कुंकवासारखी लाल.

गंज साबणाने लाल होत नाही. साबणाने लाल काय होतं हे स्वयंपाक करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. पदरावर आमटी सांडली आणि साबण लावला की जो डाग लाल होतो, तो कशाचा असतो?

हळद.

दुपारी भाकरी खाताना मालकांना सांगितलं. त्यांना ठसकाच लागला. "पेट्रोलात हळद? भंडारा?" बिरूची माणसं देवभोळी. त्यांच्याकडे जत्रेत देवावर उधळतात ती हळदच, तिला भंडारा म्हणतात. जत्रेहून आणलेला भंडारा घरात जपून ठेवतात आणि कपाळाला, दाराला, मेंढराला, नव्या वस्तूला लावतात. गाडीलाही लावतात, हँडलला, चाकाला. पण टाकीत?

"कुणी टाकला आसंल?" मालक डोळे पुसत म्हणाले.

कुणीही टाकला असेल, पण नुसतं सांगून भागणार नव्हतं. बिरू म्हणाला असता, गॅरेजवाले आपली अब्रू वाचवायला देवाचं नाव घेतात. आणि ज्याने टाकला तो तर कबूल होणारच नव्हता. मालकांनी दाजींना फोन करून बोलावून घेतलं, आणि मला म्हणाले, "ह्या वेळी तू भाईर यायचं. हळदीचं मला काय कळतंय? मी बोललो तर चेष्टा वाटंल त्यांना."

मला तिथंच घाम फुटला. पण मंगलची लेक फोनवर बोलत नव्हती.

दाजी आले. ते एका टायरवर बसले, बिरू दुसऱ्या टायरवर, दोघांनी एकमेकांकडे पाठ केलेली. हौसाबाई मधे फरशीवर, मांडीवर पान-तंबाखूची चंची. मंगल दाराला टेकून उभी. मालक म्हणाले, "आतला मिस्त्री आज भाईर येणार हाय."

मी हातात पांढरं फडकं आणि पेट्रोलचा डबा घेऊन बाहेर आले. नजर जमिनीवर.

दाजी म्हणाले, "ह्या कोण?"

"मिस्त्री," मालक म्हणाले.

"आणि तुमी?"

"मी बोर्ड."

कुणीतरी हसलं. मला मान वर करवेना. मी टाकीतलं तळाचं पेट्रोल फडक्यातून गाळलं. फडक्यावर पिवळा गाळ राहिला.

बिरू उठून उभा राहिला. "बघा! गंज! टाकी सडलेली गाडी दिली मला!"

दाजीही उठले. "कुटला गंज? आत हात घालून बघ की—"

"बसा," मी म्हणाले. आवाज एवढा बारीक होता की त्यामुळेच दोघे बसले असतील. फडकं दारातल्या उन्हात धरलं. आमच्या सोलापूरचं ऊन, पेट्रोल बघता बघता उडालं. मग मी हौसाबाईंपुढं बसले. "मावशी, जरा चुना द्या."

त्यांनी बिनघोर चंची उघडली आणि बोटावर चुना काढून दिला. मी तो फडक्यावरच्या पिवळ्या गाळावर लावून चोळला. फडकं लाल झालं.

पुरुषांना काही कळलं नाही. मंगलला कळलं. हौसाबाईंना तर कळलंच. त्यांनी चंचीची दोरी करकचून आवळली.

"आये," मंगल म्हणाली.

"माझ्याकडं काय बघती?"

"आये, ही हळद हाय. भंडारा हाय."

हौसाबाईंनी तोंड रस्त्याकडे फिरवलं. मग म्हणाल्या, "टाकला चिमूटभर. वरनं लावलं की पावसानं धुऊन जातं. पोटात टाकला तर देव पोटात ऱ्हातो."

"आये!" बिरू किंचाळला. "गाडीच्या पोटात? अगं, मी दाजींना भंगारवाला म्हणलो!"

"तू म्हणलास. मी न्हाय म्हणलं."

मालक स्टुलावर पुढं सरकले. त्यांना बारीक वास लागतो, पेट्रोलचा नाही, माणसांचा. "बिरू, चिमूटभर भंडाऱ्यानं एवढा गाळ व्हत न्हाय. तुजं काय?"

बिरूने मान खाली घातली. "रातपाळीला जाताना हायवेवर भ्या वाटायचं. म्हणून मीबी टाकला. थोडाच."

"मंगल?"

मंगलने पदर तोंडावर ओढला. पदराच्या आतून आवाज आला, "बिरूचा पाय मोडला तवा. दोन चिमटी."

दाजी हसायला लागले ते थांबेचनात. टायरवर थापा मारत म्हणाले, "आख्खं खानदान! आख्ख्या खानदानानं गाडीला हळद लावली, आन् नवरा मी ठरलो चोर!"

मालकांनी त्यांना पोटभर हसू दिलं. मग विचारलं, "पाव्हणं, तुमच्याकडनं काय न्हाय ना?"

दाजींचं हसू हळूहळू आटलं. "आमच्या आईनं," ते म्हणाले. "गाडी द्यायच्या दिवशी. परक्याच्या घरी चाललीया म्हणून." आणि जरा थांबून, "मूठभर."

"ही गाडी न्हाय," मालक म्हणाले, "देव्हारा हाय. प्रसाद खाऊन खाऊन पोट बिघडलंय तिचं."

त्यानंतर मी टाकी उतरवून धुतली, नळी बदलली, जेट नव्याने बसवले. गाडी धावत होती तोवर भंडारा ढवळत राहिला आणि पेट्रोलबरोबर थोडा थोडा निघून जात होता. उभी राहिली तशी सगळ्यांची श्रद्धा तळाला बसली. चालू केल्यावर दाजींनी वाकून इंजिनला कान लावला आणि बिरूकडे बघितलं. बिरू म्हणाला, "चुकलं, दाजी." दाजी म्हणाले, "जाऊ दे." मला वाटलं, संपलं. दाजी मंगलला म्हणाले, "चल, पिशवी भर."

मंगल म्हणाली, "न्हाय."

हौसाबाईंच्या हातातली सुपारी खाली पडली.

"ह्यांनी दिलेलं अर्धं पैसं बिरूनं परत करायचं. सगळं. मग मी येती."

"अगं, ऱ्हाऊ दे की पैसं," दाजी म्हणाले.

"ऱ्हाऊ देत न्हाय. आज तुमी हसताय. उद्या भाजीत मीठ जास्त झालं की सासूबाई म्हणतील, हिच्या भावानं आमची गाडीबी खाल्ली आन् पैसंबी खाल्लं. मला जल्मभर ऐकायचं न्हाय." मग आईकडे वळून, "तू मला धरून ठेवलीस तवा मला कुणी इचारलं व्हतं? आता मीच मला धरून ठेवतीया."

अडचण अशी की बिरूने ते पैसे खर्चून टाकले होते. पाय, खोलीभाडं, कामाविना गेलेले दिवस. तो थोडे थोडे मालकांपाशी जमा करायला लागला. मध्यस्थ म्हणून मंगलनेच मालकांना नेमलं होतं. पण पैसे जमायचे ते मुंगीच्या चालीने.

मग आमच्याकडे एक नवं गिऱ्हाईक सुरू झालं. दाजी. मोडनिंबहून एसटीने यायचे आणि गाडीचा एक स्पार्क प्लग मागायचे. गाडी तर बिरूकडे होती, यांच्याकडे गाडीच नव्हती. "प्लग द्या एक, चांगला बघून." मालक शांतपणे द्यायचे. दाजी स्टुलाशेजारी बसायचे, रस्त्याकडे बघायचे आणि सहज विचारल्यासारखं विचारायचे, "बिरूचं कुटवर आलं?" पुढच्या खेपेला पुन्हा प्लग. मला वाटतं त्या दिवसांत मोडनिंबमध्ये सर्वांत जास्त प्लग त्यांच्या घरात असतील.

एके दिवशी ते सरळ चादरीमागे आले. मी हातातला पाना घट्ट धरला. त्यांनी बंडीच्या खिशातून नोटांची जाड घडी काढली. "वहिनी, हे उरलेलं बिरूकडनं आलं म्हणून धरा."

मी मान हलवली. नाही.

"आवो वहिनी, पोरगी रोज इचारती, आई कवा येणार. आन् माझी आई रोज सैपाक करती. तिच्या हातचं खाऊन बघा एकदा, मग न्हाय म्हणा."

मी घडी घेतली. मालकांनी बिरूला बोलावलं. बिरू आधी तयार होईना. "दाजींचंच पैसं दाजींना? ही कसली फेड?"

मालक म्हणाले, "बहिणीचं आज फेड. दाजीचं मग सावकाश हितं आणून देत जा. दाजी थांबतोय, तुझी बहीण थांबायची न्हाय. ती कायमची हितं बसली तर तुझ्या त्या एवढ्याशा खोलीत तुला निजायला जागा ऱ्हाणार न्हाय."

ते बिरूला पटलं. त्याच संध्याकाळी सगळे पुन्हा गॅरेजात जमले. बिरूने पैसे मंगलच्या हातात दिले, मंगलने नवऱ्याच्या हातात दिले. "मोजून घ्या," ती म्हणाली. दाजी अंगठा ओला करून आपलेच पैसे गंभीरपणे मोजत होते. मालकांना अचानक रस्त्यावर काहीतरी बघायचं होतं. मी चादरीमागे जाऊन तोंडात पदर कोंबला.

"पुरं हायत," दाजी म्हणाले.

मंगल पिशवी उचलून त्यांच्यामागून एसटीला गेली.

बिरूने शब्द पाळला. पगार झाला की थोडे थोडे मालकांपाशी आणून द्यायचा. कधी चुकला, कधी उशीर झाला, पण आणायचा. दाजींना आम्ही निरोप दिला की ते म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या तितंच, सगळं जमलं की येतो." आता प्लगचीही गरज नव्हती त्यांना.

शेवटचे पैसे यंदा दिवाळीच्या आधी जमले. दुसऱ्याच दिवशी मंगल आली. भावाला फराळ द्यायला आली होती, लेकीला घेऊन. मालक बाहेर गेले होते. ती लेकीला स्टुलावर बसवून चादरीमागे आली आणि माझ्यासमोर बसली.

"बिरूचं जमलं म्हणं."

"काय जमलं?" मी म्हणाले. मला खोटं बोलता येत नाही, निदान समोरासमोर.

"वहिनी, आमचे हे नोटांची चौघडी घालत्यात, उभी आन् मग आडवी. हितं मला दिलेल्या नोटांवर ती घडी व्हती. लग्नाला किती वरसं झाली माझ्या? नवऱ्याची घडी कळत न्हाय व्हय मला?"

मी हातातला पाना खाली ठेवला. "मग तेव्हा बोलली नाहीस?"

"कशाला बोलू? सासूबाईंच्या कानावर गेलं, भावानं पैसं फेडलं. तेवढंच पायजे व्हतं." तिने तळहात पुढं केला. "आता द्या की इकडं."

"अगं, हे दाजींचे आहेत."

"त्यांचं तर तवाच फिटलं. माझ्या म्होरं मोजून घेतलं त्यांनी. पुरं हायत म्हणलं. पुन्यांदा कशाला द्यायचं?"

मी डब्यातून पैसे काढून दिले. तिने सावकाश मोजले, कमरेच्या पिशवीत कोंबले आणि लेकीला हाक मारली.

संध्याकाळी बिरू गाडी घेऊन आला. गाडी सावकाश धावत होती, चोकशिवाय. त्याने चादर थोडी बाजूला केली आणि बाहेरूनच विचारलं, "वहिनी, पैसं दिलं का?"

"दिलं."

"सगळं?"

"सगळं. मोजून घेतलं."